ससा, घरमालक आणि करारनामा



या वसंत व्याख्यानमालेत बोलावे असे निमंत्रण आले तेव्हा विषयाची निवड संयोजकांनी आमच्यावर सोपविली होती. आम्ही विषय कळविला : 'भाड्याच्या घरात ससा पाळता येतो काय?' त्यावर ऐकण्यात काही गफलत तर होत नाही ना, याची त्यांनी पुन्हा एकवार खात्री करून घेतली. गफलत नव्हती. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात अशा व्याख्यानांची प्रथा पाडली, ती लोकांच्या प्रश्नांचा लोकांसमोर विचार व्हावा म्हणून. काल येथे अध्यात्म झाले, उद्या अर्थकारण होईल. मध्ये एक दिवस सशाला दिला तर व्याख्यानमालेचे काही उणे होईल असे आम्हास वाटत नाही. आमचे शाळेतले शिक्षण थोडके. पुढचे जे काही झाले ते १८२८ सालापासून चालत आलेल्या येथील नगर वाचनालयाच्या टेबलावर आणि कामगारांच्या खोल्यांतून. त्या खोल्यांतूनच हा प्रश्न आमच्याकडे आला.

रत्नागिरीत भाड्याने राहणे ही काही आजची गोष्ट नव्हे. लोकमान्यांचा जन्म १८५६ साली या गावी ज्या घरात झाला, तेथे त्यांचे वडील, शाळामास्तर गंगाधरपंत, बिऱ्हाडकरू म्हणूनच राहात होते. ब्रह्मदेशचा थिबा राजा १८८६ साली येथे आणला गेला. त्याचा राजवाडा उभा राहून तो तेथे जाईपर्यंत १९१० साल उजाडले. तोवर त्यालाही सरकारने नेमून दिलेल्या बंगल्यांतच दिवस काढावे लागले. आज मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार, एसटीचा वाहक, इस्पितळातली परिचारिका, बदलून आलेला शिक्षक, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातला विद्यार्थी, हे सारे नाचणे, कुवारबाव, साळवी स्टॉप, परटवणे अशा भागांतून खोली शोधीत हिंडत असतात. ही माणसे आपल्याबरोबर काय आणतात? एक गॅसची शेगडी, दोन ट्रंका, मुलांची दप्तरे. आणि अलीकडे पुष्कळ घरांतून एखादा पाळलेला जीव. कुत्र्यामांजराचा प्रश्न सर्वांस ठाऊक आहे. सशाचा प्रश्न कोणी मांडीत नाही, कारण ससा स्वतः ओरडत नाही आणि त्याच्या मालकालाही त्याबद्दल तोंड उघडण्याची लाज वाटते.

आपल्या भाषेत 'ससेहोलपट' असा एक शब्द आहे. शिकाऱ्याने आणि कुत्र्यांनी पाठ धरलेल्या सशाची जी धावाधाव होते, ती ससेहोलपट. ससा बरोबर घेऊन खोली शोधणाऱ्या माणसाची होते ती अगदी हीच. फरक एवढाच की येथे ससा पिंजऱ्यात स्वस्थ बसलेला असतो आणि होलपट माणसाची होते.

आमच्या संघटनेतल्या एका कुटुंबाची हकीकत सांगतो. नाव सांगण्याचे कारण नाही. नवरा कारखान्यात, बायको काजू सोलण्याच्या कामावर, मुलगी पाचवीत. मुलीला तिच्या मावशीने एक पांढरा ससा दिलेला. अकरा महिन्यांचा करार संपला आणि मालकाला खोली मुलाच्या लग्नासाठी हवी झाली, म्हणून नवी खोली पाहण्याची वेळ आली. पहिल्या ठिकाणी उत्तर मिळाले, 'सशामागून साप येतो.' दुसऱ्या ठिकाणच्या आजींनी विचारले, 'खायला आणलाय काय? आमच्या आवारात ते चालायचे नाही.' तिसरे गृहस्थ म्हणाले, 'कुत्रा असता तर ठेवला असता, राखण तरी करतो. ससा काय कामाचा?' चौथ्याने होकार दिला, पण अनामत रक्कम दुप्पट मागितली आणि पावती देण्यास नकार दिला. पाचव्या ठिकाणी त्या गड्याने सांगितलेच नाही. ससा आंब्याच्या पेटीत घालून, वर वर्तमानपत्र पसरून आत नेला. तीन आठवड्यांनी मालकीणबाई पाण्याची मोटर पाहावयास आल्या आणि त्यांना ससा दिसला. आठ दिवसांत खोली खाली करावी लागली. त्या आठ दिवसांत मुलीची शाळा बुडाली, बाईचे खाडे झाले आणि सशाला रानात सोडून देण्याची गोष्ट घरात निघाली.

हसण्यासारखी ही गोष्ट नव्हे. तीन माणसांच्या डोक्यावरचे छप्पर दोन किलोंच्या प्राण्यावरून गेले. तेव्हा मालक कशास भितो आणि ती भीती कितपत खरी आहे, हे नीट पाहिले पाहिजे. येथे एक भेद ध्यानात ठेवावा. कारखान्याचा मालक वेगळा आणि रत्नागिरीतला खोलीचा मालक वेगळा. हा दुसरा मालक पुष्कळदा एक विधवा बाई असते, निवृत्त शिक्षक असतो, किंवा १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतून दोन खोल्या बांधलेला आमच्यासारखाच कोणी असतो. त्याची खोली हीच त्याची पेन्शन. त्याच्या दारात घोषणा देऊन काही साधायचे नाही. त्याच्या भीतीला उत्तर दिले पाहिजे.

पहिली भीती वासाची. ती खरी आहे. सशाच्या मुताला उग्र वास येतो, आणि त्यात चुन्याचा अंश फार असल्याने फरशीवर पांढरट थर बसतो. परंतु ससा हा जात्याच एक कोपरा ठरवून घेणारा प्राणी आहे. त्या कोपऱ्यात पसरट तबक ठेवून त्यात कागद आणि भाताचा पेंढा घातला व तो रोज बदलला, तर बहुतेक ससे तेथेच जातात. खसी केलेले ससे तर विशेषच नेमाने जातात. चकाकीच्या टाइल्सवरचा थर व्हिनेगारने निघतो. मात्र शहाबादी फरशी स्वतःच चुनखडीची असते, तिच्यावर आंबट पदार्थ घातला तर फरशीच खाल्ली जाते. तेथे तबकाखाली रेक्झिन अंथरावे हे उत्तम.

दुसरी भीती कुरतडण्याची. तीही खरी आहे. सशाचे दात जन्मभर वाढतात आणि ते झिजविण्याची त्याला गरज असते. गवत भरपूर मिळाले तर दात गवतावर झिजतात. सशाचा मुख्य आहार गवत हाच, गाजर नव्हे. गवत न मिळाले तर दाराची चौकट आणि विजेची तार यांवर पाळी येते. म्हणून जमिनीलगतच्या तारा पाइपात घालणे हे भाडेकरूचे काम. तिसरी भीती संख्येची. मादी सुमारे एक महिन्यात विते आणि व्यायल्याबरोबर पुन्हा गाभण राहू शकते. 'एक जोडी आहे' असे सांगून आलेल्याकडे वर्षभरात डझनावारी ससे झाले, तर मालकाने रागावू नये काय? सशाला सोबत लागते हे खरे, पण सोबत द्यावयाची तर सशांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडून खसी करून द्यावी. चौथी भीती सापाची. साप येतो तो उंदरामागे, आणि उंदीर येतो तो सांडलेल्या दाण्यामागे. खाद्य पत्र्याच्या डब्यात झाकून ठेवले की ही भीती बरीचशी मिटते. उरला आवाज. ससा भुंकत नाही, सहसा ओरडतही नाही. घाबरला तर मागचा पाय जमिनीवर आपटतो.

काही मालक तोडगा सुचवितात, 'मागे पत्र्याच्या शेडमध्ये ठेवा.' तोडगा मोठा सोयीचा दिसतो, पण सशाला तो जगू देत नाही. सशाला माणसासारखा घाम येत नाही. तीस अंशांच्या वर उष्णता गेली की त्याला त्रास होऊ लागतो, आणि वैशाखात पत्र्याखाली काय होते हे कोकणातल्या माणसाला सांगावयास नको. पुढे पावसाळा. तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडणाऱ्या या गावी बाहेरचा पिंजरा चार महिने ओला राहतो. शिवाय बोका आणि भटकी कुत्री आहेतच. तेव्हा ससा पाळावयाचा तर तो घरातच पाळला पाहिजे, आणि म्हणूनच मालकाच्या संमतीवाचून गत्यंतर नाही.

आता कायद्याकडे वळू. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा केंद्राचा कायदा १९६० चा आहे, आणि त्यानुसार १९६२ साली प्राणी कल्याण मंडळ स्थापन झाले. रुक्मिणीदेवी अरुंडेल त्याच्या पहिल्या अध्यक्षा. घटनेच्या ५१-क या कलमात, १९७६ च्या दुरुस्तीने, सजीव प्राण्यांविषयी दयाबुद्धी बाळगणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून घातले गेले. मंडळाने २०१५ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांचा आशय असा की, गृहनिर्माण संस्थेला बहुमतानेसुद्धा पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही. त्या सूचना मुख्यतः कुत्र्यांना धरून लिहिलेल्या आहेत. केरळच्या उच्च न्यायालयाने २०२१ साली अशा बंदीचे नियम बेकायदा ठरविले. परंतु येथे पुष्कळांची फसगत होते. ही बंधने सोसायटीवर आहेत. स्वतःची खोली भाड्याने देणाऱ्या मालकाने 'ससा नको' अशी अट घातली, तर ती रद्द ठरविणारे स्पष्ट कलम आपल्या भाडे कायद्यात नाही.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा, तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याचे ५५ वे कलम प्रत्येक बिऱ्हाडकरूने पाठ करावे. भाड्याचा वा परवान्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असलाच पाहिजे, नोंदणीची जबाबदारी मालकाची, आणि असा करार नसेल तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरावे, असे ते कलम सांगते. आपल्याकडे अकरा महिन्यांची चाल पडली ती १९०८ च्या नोंदणी कायद्यामुळे, कारण त्यात एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यास नोंदणी सक्तीची होती. परंतु महाराष्ट्रात आता अकरा महिन्यांच्या कागदालाही नोंदणी लागतेच. मग अकरा महिन्यांचा हट्ट राहिला तो केवळ सवयीने. इकडे नीट सांभाळलेला ससा आठ-दहा वर्षे जगतो. म्हणजे एका सशाच्या आयुष्यात नऊ-दहा करार येतात, आणि दर करारास तोच भीतीचा प्रसंग उभा राहतो. ही विसंगती कोणी तरी बोलून दाखविली पाहिजे.

बाहेरच्या देशांत काय आहे? फ्रान्सने १९७० सालीच कायदा केला की, राहत्या घरात पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई करणारी अट रद्द समजावी. मात्र प्राण्याने घराची नासधूस करू नये आणि शेजाऱ्यांस उपद्रव देऊ नये. जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१३ साली कुत्र्यामांजरांवरची सरसकट बंदी अमान्य केली. प्रत्येक प्रकरणी दोन्ही बाजूंचे हित तोलून पाहावे, असा त्याचा दंडक. इंग्लंडात २०२५ साली झालेल्या कायद्याने भाडेकरूस प्राणी ठेवण्याची लेखी परवानगी मागण्याचा हक्क दिला आणि सयुक्तिक कारणावाचून ती नाकारू नये असे मालकावर बंधन घातले. हे सहज झाले असे कोणी समजू नये. भाड्याचे कायदे नेहमी भाडेकरूंच्या एकजुटीतून आले आहेत. ग्लासगो शहरात १९१५ साली मेरी बार्बर आणि तिच्यासारख्या कामगार बायकांनी वाढीव भाडे देण्याचे नाकारले, तेव्हा त्याच वर्षी ब्रिटिश पार्लमेंटने भाडेवाढ रोखणारा कायदा केला. आपल्या मुंबईस तसा पहिला कायदा १९१८ साली मिळाला.

या सर्व कायद्यांत एक समान सूत्र आहे, आणि आमच्या व्याख्यानाचा मुद्दा तोच. अट असावी ती वागणुकीवर, जातीवर नव्हे. आपल्या १९९९ च्या कायद्यातही भाडेकरूस बाहेर काढण्याच्या कारणांत शेजाऱ्यास उपद्रव हे एक कारण आहे. म्हणजे उपद्रव सिद्ध झाला पाहिजे, नुसता संशय पुरत नाही. 'ससा नको' म्हणणाऱ्या दारात थोडे अधिक उभे राहिले तर पुढचे नकारही ऐकू येतात. एकटी बाई नको, अविवाहित मुलगे नकोत, मासळी खाणारे नकोत (तेही मिरकरवाड्यापासून हाकेच्या अंतरावर!), अमुक जातीचे नकोत, तमुक धर्माचे नकोत. सशाचा नकार आणि माणसाचा नकार आम्ही एका तराजूत घालीत नाही. माणसाला जन्मावरून दारातून परतविणे हा त्याच्या माणुसकीचा अपमान आहे, सशाला परतविणे ही फार तर गैरसोय. परंतु ज्या मालकाला 'तू कोण' असे न विचारता 'तू कसा राहशील' असे विचारण्याची सवय लागेल, त्याच्या दारात सशालाही जागा मिळेल आणि माणसालाही. सवय लहान गोष्टीपासून लावता येते.

आता काय करावे ते सांगतो. संघटनेत आयुष्य काढल्यावर एक गोष्ट पक्की कळते, की तोंडी कबुली ही मालक बदलला, की मालकाची सून बदलली, तरी बदलते. कागद बदलत नाही. वर सांगितलेल्या कुटुंबाला अखेर कुवारबावला खोली मिळाली ती एका पानाच्या लेखी कलमावर. ते कलम आम्ही दोन्ही पक्षांना समोरासमोर बसवून लिहून घेतले. त्यात पाच गोष्टी होत्या. पहिली : किती ससे आणि कोणते, हे नमूद करावे, अधिक आणावयाचा तर पुन्हा लेखी परवानगी. दुसरी : ससा खोलीतच राहील, जिना, गच्ची, अंगण येथे मोकळा सोडणार नाही. तिसरी : येण्याच्या दिवशी फरशी, दारे, तारा यांची छायाचित्रे दोघांनी मिळून घ्यावी, नुकसान झाले तर तेवढाच खर्च अनामतीतून कापावा, आणि अनामत रकमेची पावती द्यावी. चौथी : मालकाने एक दिवस आधी सांगून तीन महिन्यांतून एकदा खोली पाहावी. पाचवी : तक्रार असेल तर ती लेखी द्यावी आणि सुधारण्यास पंधरा दिवस द्यावेत, तक्रार नसेल तर पुढच्या कराराच्या वेळी सशाचा प्रश्न नव्याने काढू नये. मालकीणबाईंनी चष्मा लावून कागद दोनदा वाचला आणि म्हणाल्या, 'एवढे तर भाडेकरू स्वतःच्या मुलांबद्दलही लिहून देत नाहीत!' आणि सही केली. तो करार आता दोनदा नवा झाला आहे.

भाडेकरूंनाही दोन शब्द. लपवून नेऊ नका. लपविलेला ससा सापडला की मालकाची सशाविषयीची तक्रार संपते आणि तुमच्याविषयीची सुरू होते. मग पुढच्या दहा भाडेकरूंचे दार त्या एका पेटीने बंद होते. घर पाहण्याआधी ससा घेऊ नका. घेतला असेल तर घर पाहताना प्रथम त्याचे नाव काढा, आणि जुन्या मालकाची चांगली चिठ्ठी मिळत असेल तर ती बरोबर ठेवा.

आणि कितीही अडचण आली तरी त्याला रानात सोडू नका. आपल्या कोकणच्या रानातला ससा वेगळा. त्याची पिले अंगावर केस घेऊन, डोळे उघडे ठेवून जन्मतात, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याला संरक्षण आहे. त्याला पकडून पाळणे हा गुन्हा. पाळीव ससा मूळचा नैर्ऋत्य युरोपातला, बिळात राहणारा. त्याची पिले उघडी आणि आंधळी जन्मतात. पिढ्यान्पिढ्या माणसाच्या हातचे खाल्लेला हा पांढरा प्राणी आमच्या करवंदीच्या जाळीत एक रात्रही काढील की नाही याची शंका आहे. उपासमार होईल अशा स्थितीत प्राणी टाकून देणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. दंड पहिल्या खेपेस दहा ते पन्नास रुपये, म्हणजे आज एका वडापावाच्या आसपास. तेव्हा कायद्याच्या भयाने हे थांबेल अशी आशा करू नये.

'ससेमिरा' हा शब्द सशावरून आला असे पुष्कळांना वाटते. तो सशावरून आलेला नाही. विक्रमाच्या कथांतली ती गोष्ट आहे. वाघाच्या भयाने एक राजपुत्र झाडावर चढला, तेथे अस्वलाने त्याला आसरा दिला. पुढे ते अस्वल विश्वासाने झोपले असता राजपुत्राने स्वतःचा जीव वाचविण्यासाठी त्याला खाली ढकलले. अस्वल बचावले, आणि राजपुत्राला वेड लागून तो 'ससेमिरा' एवढेच बडबडू लागला. आपल्यावर विसंबून झोपलेल्याला ढकलून देण्याचे हे फळ, असे ती गोष्ट सांगते. घरात आणलेला जीव आपल्यावर विसंबलेला असतो. बिऱ्हाडकरूही घरमालकावर तसाच थोडाफार विसंबलेला असतो. ही गोष्ट दोघांनीही ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शेवटी एक सूचना करून आम्ही बसतो. येथे घरमालक आहेत आणि भाडेकरूही आहेत. आमच्या त्या पाच कलमांच्या कागदाच्या प्रती सभागृहाच्या दाराशी टेबलावर ठेविल्या आहेत. घरमालकांनी एक न्यावी, भाडेकरूंनी एक न्यावी, जे खटकेल ते खोडावे, जे सुचेल ते लिहावे. पुढच्या वसंतात कोणी विचारले की रत्नागिरीत ससा घेऊन खोली मिळते काय, तर 'अटी वाचून सही करा, मिळते' असे उत्तर या गावाला देता आले पाहिजे.